स्प्लिट कीबोर्डवर अंगठ्याच्या कीज: आधी जागा, मग काम

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवसभर कोड आणि संध्याकाळी तास-दीड तास इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिपींसाठीच्या प्रमाणित कीबोर्ड-मांडणीत, मराठी लिहिता. तीन महिन्यांपूर्वी दोन्ही अंगठ्यांना सहा-सहा कीज असलेला स्प्लिट, म्हणजे दोन हातांसाठी दोन वेगळे भाग असलेला, कीबोर्ड घेतलात, एकही की वाया जाऊ नये म्हणून सगळ्या भरल्यात, आणि आता उजवा अंगठा ठणकतो. म्हणून लहान कीबोर्ड बांधायचा आहे. कॉर्न आणि लिली-५८ या दोन छोट्या स्प्लिटांपैकी कोणता घ्यावा, आणि स्पेस, एंटर, बॅकस्पेस, शिफ्ट यांतलं काय कुठे बसवावं?

मी तांत्रिक भाषांतराचं काम करते. गेली नऊ वर्षं स्प्लिटवरच आहे आणि ओळखीच्या लोकांसाठी सोल्डर करून कीबोर्ड बांधूनही देते. बहुतेक जण हाच प्रश्न घेऊन येतात, आणि जवळजवळ सगळे तो उलट्या बाजूने विचारतात. ‘कोणत्या कीवर काय ठेवू?’ हे नंतर ठरतं. आधी ठरवायचं ते हे, की तुमचा अंगठा आपसूक कुठे पडतो आणि तिथून किती लांब जाऊन न कुरकुरता परत येतो. ते कळलं की बाकीचं अर्ध्या तासात लागतं.

दुखण्याबद्दल आधी बोलते, कारण तो विषय मागे ठेवण्यासारखा नाही. माझ्या पहिल्या स्प्लिटलाही सहा-सहा कीज होत्या. सगळ्यात लांबच्या कीवर मी कंट्रोल ठेवला होता आणि दिवसभर तो दाबून धरत होते. चार महिन्यांनी कुकरचं झाकण उघडताना मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कळ आली. कीबोर्डवर बसले असताना काहीच जाणवत नव्हतं, म्हणून दोन्हींचा संबंध लागायला वेळ गेला. अंगठा बाहेर ताणणाऱ्या दोन बारीक कंडरा मनगटाजवळ एका अरुंद खोबणीतून जातात. तिथे आवरणाला सूज आली की असं होतं. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या स्विस शल्यविशारदाने १८९५ साली त्याचं वर्णन केलं आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. तुम्हाला तेच झालंय असं मी म्हणत नाही. अंगठा बुडाशी दुखतोय, पेराशी दुखतोय की मनगटाशी, यावर बरंच अवलंबून आहे आणि ते हात लावून पाहणाऱ्यानेच सांगायचं. ऑर्थोपेडिककडे किंवा चांगल्या फिजिओकडे जाऊन या. तोवर आज रात्रीच लांबच्या चारही कीज फर्मवेअरमध्ये (कीबोर्डच्या आतल्या प्रोग्राममध्ये) मोकळ्या करून टाका. नवा कीबोर्ड येईपर्यंत वाट पाहू नका.

आता अंगठ्याची चाल कशी असते ते बघू. इतर चार बोटं वरून खाली आपटतात. अंगठा तसा आपटत नाही, तो कडेने दाबतो, नखाशेजारच्या बाजूने. तळव्याकडे मिटताना त्याच्यामागे भरपूर ताकद असते, अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा त्यासाठीच आहे. बाहेर, म्हणजे दोन्ही हातांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे जाताना मात्र त्याच दोन बारीक कंडरांवर भार येतो, आणि जास्त लांब जायचं असेल तर आपण नकळत मनगटही वाकवतो. त्यामुळे एकाच पट्टीतल्या तीन कीज दिसायला सारख्या असल्या तरी हाताच्या दृष्टीने सारख्या नसतात. मी त्यांना तळव्याकडची, मधली आणि टोकाची म्हणते. पुढे हीच नावं वापरेन.

मधली बहुतेकांचं घर असते, म्हणजे अंगठा आपसूक पडतो ती जागा. तळव्याकडची दाबताना अंगठा हाताखाली दुमडतो. ते जमतं, जोरही लागत नाही, पण तो तसाच दुमडून धरला तर पंजा आवळला जातो आणि करंगळी आपल्या जागेवरून सरकते. टोकाची की पटकन टॅप करायला ठीक असते, धरून ठेवायला वाईट. माझ्या सहा-सहावाल्या कीबोर्डावर चूक झाली ती इथेच. लांबच्या कीवर टॅपचं काम ठेवलं असतं तर कदाचित निभावलं असतं, मी धरून ठेवायचं काम ठेवलं.

म्हणून माझा पहिला नियम असा आहे: धरून ठेवायची की घरात, टॅपची की बाहेर चालेल.

घर शोधायची पद्धत सांगते, कारण डोळ्यांनी ते कधीच नीट कळत नाही. दोन्ही कीबोर्डांचे आराखडे कागदावर खऱ्या मापात छापून घ्या. छापताना ‘फिट टू पेज’ बंद आणि माप १०० टक्के. छापून झाल्यावर पट्टीने शेजारच्या दोन कीजच्या मध्यांतलं अंतर मोजा. साध्या एमएक्स स्विचच्या (कीखालच्या नेहमीच्या बटणाच्या) मांडणीत ते १९ मिलिमीटरच्या किंचित वर यायला हवं. १८ आलं तर प्रिंटरने लबाडी केली आहे, पुन्हा छापा. कागद टेबलाला चिकटपट्टीने लावा, नेहमीच्या खुर्चीवर बसा, आठही बोटं घरच्या ओळीवर (ए-एस-डी-एफ असलेल्या मधल्या ओळीवर) ठेवा. मग शिक्क्याच्या पॅडची शाई अंगठ्याच्या कडेला लावा, डोळे मिटा, आणि पाठ असलेलं काहीही टाइप करत असल्यासारखी बोटं हलवा. जिथे शब्द संपतो तिथे स्पेस द्यायचा. वीसेक शब्दांनी डोळे उघडा.

कागदावर निळसर ठशांचा एक पुंजका दिसेल. माझ्या उजव्या हाताचा पुंजका साधारण दोन रुपयांच्या नाण्याएवढा पडला होता, आणि ज्या चौकोनावर तो पडेल असं मी ठरवून ठेवलं होतं त्याच्या जवळजवळ पाऊण की आत. डाव्या हाताचा आणखीच वेगळा. दोन्ही हातांचे ठसे आरशातल्यासारखे येतील असं गृहीत धरू नका. पुंजका जिथे, तिथे घर. त्यानंतर बोटं न हलवता अंगठा आत-बाहेर फिरवून एक चाप काढा. हाताला ताण न देता जेवढा चाप निघतो त्याच्या बाहेरची प्रत्येक की तुमच्यासाठी नाहीच असं समजा, मग कीबोर्ड कितीही महाग असो.

ज्यांच्याकडून मी हे करून घेतलं त्यांच्या चापात सहसा तीन कीज बसल्या, लहान हात असलेल्यांच्या दोन. सहा कोणाच्याही बसल्या नाहीत. सहा कीजचा गट चुकीचाच असतो असं नाही. किनेसिसचे खोलगट कीबोर्ड १९९२ पासून प्रत्येक अंगठ्याला सहा कीज देत आले आहेत आणि लोक त्यावर वर्षानुवर्षं सुखाने काम करतात. पण तिथे बोटांच्या कीज वाटीसारख्या खोल बसवलेल्या असतात, अंगठ्याचा गट त्या मानाने उंचावर येतो आणि हात वेगळ्या कोनात राहतो. शिवाय स्पेस, एंटर, बॅकस्पेस, डिलीट या चार मोठ्या कीजवरच बहुतेक काम होतं. सपाट पाटीवर तोच गट आणला की हिशोब बदलतो. मॉल्ट्रन या कीबोर्डने तर १९७० च्या दशकात आपल्या मांडणीत इंग्रजीतलं सगळ्यात जास्त लागणारं ई हे अक्षरच डाव्या अंगठ्याखाली दिलं. साध्या कीबोर्डवर दोन्ही अंगठ्यांत मिळून सुमारे १२ सेंटीमीटर लांबीची एकच की असते, आणि हाताच्या सगळ्यात बळकट बोटाला तिच्यापलीकडे काही काम नसतं. अंगठ्याला जास्त काम द्यावं हे बरोबरच आहे. काम वाढवा, पल्ला वाढवू नका.

आता कोणत्या कीला कोणतं काम. इथे तुमचं मराठी फार महत्त्वाचं आहे, आणि इंग्रजीत लिहिलेले सल्ले इथेच कमी पडतात.

‘शिक्षणासाठी’ हा शब्द इनस्क्रिप्टमध्ये टाइप करून बघा. श, वेलांटी, क, हलंत, ष, ण, काना, स, काना, ठ, वेलांटी. अकरा ठोके. त्यांतल्या श, ष, ण, ठ या चारांना शिफ्ट लागतो. श म्हणजे शिफ्ट-एम, ष शिफ्ट-स्वल्पविराम, ठ अवतरणचिन्हाच्या कीवर, आणि तिन्ही उजव्या हाताच्या आहेत. म्हणजे शिफ्टसाठी डावी करंगळी एका शब्दात तीन वेळा खाली गेली. ण सीच्या कीवर आहे, म्हणून त्याला उजवी करंगळी. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला एकदा शिफ्ट लागतो, कोडमध्ये थोडा जास्त. इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ हे सगळे महाप्राण शिफ्टवर आहेत, शिवाय श, ळ, ण, आणि शब्दाच्या सुरुवातीला येणारे सगळे स्वर. दिवसभराची बेरीज करा. तुमच्या डाव्या करंगळीने आजवर तक्रार केली नसेल तर ती सोशीक आहे एवढंच.

म्हणून इनस्क्रिप्टवाल्यांना मी आग्रहाने सांगते: शिफ्ट अंगठ्यावर घ्या, आणि डाव्या अंगठ्याच्या घरात घ्या. डाव्या का, तर महाप्राण व्यंजनं उजव्या हातात आहेत. डावा अंगठा शिफ्ट धरतो, उजवं बोट अक्षर मारतं, दोन्ही हात आपापल्या जागी राहतात. स्वर डाव्या हातात असल्यामुळे ‘आणि’ लिहिताना आ आणि ण दोन्ही त्याच हाताने शिफ्टसकट मारावे लागतात, पण अंगठ्याने धरलेला शिफ्ट इतर बोटांना अडवत नाही. करंगळीने धरलेला सगळा पंजा ओढून घेतो. उलट इथे एक सोय होते: शिफ्ट एकदाच धरायचा, आ आणि ण मारायचे, सोडायचा, वेलांटी द्यायची. फक्त मधल्या बोटाला वरून खाली यावं लागतं, तेवढं सहन करावं लागतं.

हा शिफ्ट निव्वळ शिफ्ट ठेवा. टॅप केला तर दुसरंच काही आणि धरला तर शिफ्ट, असं दुहेरी काम त्याला देऊ नका. क्यूएमके या फर्मवेअरमध्ये टॅप आणि होल्ड (धरून ठेवणं) वेगळे ओळखण्याची मुदत मुळात २०० मिलिसेकंद असते. वेगाने लिहिताना मराठीतला शिफ्ट त्याहून कमी वेळ धरला जातो. मग ‘भाषा’ची ‘बाषा’ होते. हवा असेल तर ‘वन शॉट’ शिफ्ट करा: एकदा टॅप केला की पुढच्या एकाच अक्षराला लागतो, धरला तर नेहमीसारखा. मला तो आवडतो, पण माझ्या भावाला चार दिवसांत नकोसा झाला होता. सवयीची गोष्ट आहे.

स्पेस उजव्या घरात. आजही तुम्ही उजव्याच अंगठ्याने देत असाल, कागदावरचे ठसे सांगतीलच. डाव्याने देत असाल तर अडचण येईल, कारण डावं घर शिफ्टने घेतलं. अशा वेळी अंगठा बदलायला दोन-तीन आठवडे जातात, पण मी तरी बदलाच म्हणेन. स्पेसला होल्डचं काम देता येतं, चिन्हांचा आणि आकड्यांचा लेयर, म्हणजे की धरल्यावर बाकीच्या कीजना मिळणारा दुसरा संच, तिथे ठेवा. फक्त सेटिंग नीट निवडा. स्पेस उचलायच्या आधीच पुढचं अक्षर दाबायची सगळ्यांनाच सवय असते. क्यूएमकेमध्ये ‘परमिसिव्ह होल्ड’, झेडएमके या दुसऱ्या फर्मवेअरमध्ये ‘बॅलन्स्ड’ निवडलं तर अक्षर दाबून सुटेपर्यंत स्पेस खाली राहिला तरच लेयर लागतो, नुसत्या ओझरत्या गाठीने लागत नाही. दुसरी की दाबताक्षणी होल्ड मानणारा पर्याय स्पेसवर अजिबात नको, वाक्याच्या मधोमध आकडे येऊ लागतील.

बॅकस्पेस डावी टोकाची. त्याला कसलंही दुहेरी काम नको, कारण क्षणभर धरून सलग खोडायची सवय मोडते. बॅकस्पेस अंगठ्याकडे आणण्याला मराठीत आणखी एक कारण आहे. कॉर्नवर पीच्या उजवीकडे एकच की असते आणि बहुतेक जण तिथे बॅकस्पेस ठेवतात. इनस्क्रिप्टमध्ये तीच ड आणि ढ ची जागा. बॅकस्पेस हलला की ड आपल्या घरी येतो. ‘आवडतं’, ‘थोडं’, ‘पडला’ यांसाठी दर वेळी लेयर बदलायचा म्हणजे शिक्षाच.

एंटर उजवी टोकाची. काही जण एंटर स्पेसच्या अगदी लगत, आतल्या बाजूला ठेवतात. तिथे तो चुकून लागतो, आणि चॅटमध्ये अर्धवट वाक्य निघून जातं. टोकाला थोडा पल्ला आहे हेच एंटरच्या बाबतीत चांगलं.

उरल्या तळव्याकडच्या दोन. डावीवर बाणांचा लेयर, थोडा वेळच धरायचा असतो म्हणून चालतो. उजवीवर भाषा बदलायची की. विंडोजवर ती विंडोज-स्पेस पाठवते, तुमच्या मशीनवर जे असेल ते द्या. दिवसातून शंभर वेळा भाषा बदलणाऱ्याला ही एक की फार सुख देते. तुम्ही इंग्रजीसाठी कोलमॅक वगैरे वेगळी अक्षर-मांडणी वापरत असाल तर त्याच कीने फर्मवेअरचा पाया नेहमीच्या क्वर्टी मांडणीवर आणून ठेवा, कारण इनस्क्रिप्ट ऑपरेटिंग सिस्टीममध्ये बसतं आणि त्याला क्वर्टीच्या जागांवरूनच ठोके यायला हवेत.

तेव्हा डावीकडे आतून बाहेर बाण, शिफ्ट, बॅकस्पेस. उजवीकडे भाषा, स्पेस, एंटर. कंट्रोल कॅप्स लॉकच्या जागी, ऑल्ट त्याच्या खाली.

कंट्रोल आणि ऑल्ट घरच्या ओळीतल्या अक्षरांवर होल्ड म्हणून ठेवायची पद्धत तुम्ही वाचली असेल. कोडसाठी ती छान आहे. इनस्क्रिप्टसाठी मी ती सोडली. डाव्या घरच्या ओळीत ो, े, हलंत आणि ि आहेत, म्हणजे मराठीत सगळ्यात जास्त लागणारी चिन्हं. हात जलद असेल तर हलंत सुटायच्या आत पुढचं व्यंजन पडतं. एकाच हाताच्या दोन कीज असतील तर टॅप समजायचं, समोरच्या हाताची असेल तर होल्ड, अशी जी युक्ती असते ती इंग्रजीत बरंच वाचवते. इनस्क्रिप्टमध्ये व्यंजन उजवीकडे आणि मात्रा डावीकडे, म्हणजे जवळजवळ प्रत्येक जोडी समोरासमोरची. ती युक्ती इथे कामाचीच नाही.

कॉर्न की लिली? कॉर्नला प्रत्येक हाताला २१ कीज, अंगठ्याला तीन. लिली-५८ ला २९, अंगठ्याला चार, आणि वर आकड्यांची ओळ. निव्वळ अंगठ्याचा विचार केला तर कॉर्न पुरेसा आहे. पण इनस्क्रिप्टमध्ये ॲ-कारासाठी लागणारा अर्धचंद्र आकड्यांच्या ओळीत आहे, आणि ‘कृपया’मधला ऋकार, ‘डॉक्टर’मधला ऑ-कार या खुणा उजव्या कडेच्या कीजवर. कॉर्नवर हे सगळं लेयरमध्ये जातं. रोज तास-दीड तास मराठी लिहिणाऱ्याला मी लिली सुचवेन, दोन्ही आराखड्यांवर तुमचे ठसे सारखेच नीट बसत असतील तर. लिलीची चौथी अंगठा-की चापाबाहेर गेली तर तिच्यावर काहीही ठेवू नका, रिकामी राहू दे. आणि ठसे कॉर्नवरच नीट बसत असतील तर कॉर्न घ्या, खुणा लेयरमध्ये शिकता येतात. अंगठ्याची लांबी बदलता येत नाही.

दोन छोट्या गोष्टी, पण यांनी फरक पडतो. अंगठ्याखालची कीकॅप वरून खोलगट असेल तर तिची कड अंगठ्याला रुतते. फुगीर कॅप लावा, किंवा उतरती असेल तर काढून उलटी फिरवून बसवा, म्हणजे उतार तुमच्याकडे येतो. कीबोर्ड मधून उचलून तंबूसारखा कलता ठेवणार असाल तर ठशांचा प्रयोग त्याच उतारावर, खाली पुस्तकं ठेवून पुन्हा करा. घर सरकतं.

आणि स्विच. अंगठा बळकट आहे म्हणून त्याला जड स्विच द्या, असं काही जण सांगतात. टॅपच्या कीला ते चालेल, धरायच्या कीला नाही. शिफ्टखाली हलका स्विच हवा. डब्यावर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका, घरी मोजा. दहा रुपयांचं नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं. एकावर एक नाणी कीच्या मधोमध ठेवत जा. सहाव्या नाण्याला अक्षर उमटलं तर स्विच ४५ ग्रॅमच्या आसपास. मी शिफ्टखाली त्याहून हलका वापरते.

कागदावरचे ठसे पडले की दोन मापं कळवा: तर्जनी घरच्या ओळीवर असताना तिच्यापासून ठशांच्या पुंजक्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये, दोन्ही हातांचं वेगवेगळं. ते कमी आलं तर चॉक या कमी उंचीच्या स्विचची १८ बाय १७ मिलिमीटरची दाटीची मांडणी तुमच्यासाठी बरी पडेल, आणि त्या मापात येणारे कीबोर्ड वेगळे आहेत. सोल्डरिंगचं सामान त्यानंतरच मागवा.